तिसरी प्रत : चंचल मूल आणि त्याचा वर्ग

बालरोगतज्ज्ञाकडे मूल येते ते बहुधा ताप, खोकला नाहीतर पोटदुखी घेऊन. काही मुले मात्र शाळेची डायरी घेऊन येतात. आई ती डायरी टेबलावर उघडून ठेवते, आणि तेवढ्या अवधीत चिरंजीव वजनकाट्यावर दोनदा चढून उतरलेले असतात. डायरीत लाल शाईने लिहिलेले असते, ‘वर्गात बसत नाही’, ‘काम अपूर्ण’, ‘इतरांना त्रास देतो’, ‘पालकांनी भेटावे’. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

आपल्या संस्थेच्या सभासदांत बालरोगतज्ज्ञ थोडेच आहेत. परंतु अशी डायरी फॅमिली डॉक्टरांपुढे, कान-नाक-घसातज्ज्ञांपुढे, एवढेच काय, दंतवैद्यांपुढेही उघडली जाते. कारण इंदूरच्या मराठी घरात ‘आपले डॉक्टर’ हे नाते विषयवार वाटून दिलेले नसते. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला. निदानाविषयी थोडे आणि वर्गाविषयी अधिक, असे या लेखाचे स्वरूप आहे. माझ्या हातून चूक झाली ती वर्गाच्या बाबतीत, हे त्याचे कारण.

मुलगा चौथीत होता. आईवडिलांची आणि वर्गशिक्षिकेची अशा दोन्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या, दृष्टी व श्रवण तपासले, आणि निदानाविषयी शंका उरली नाही. मी मेथिलफेनिडेट सुरू केले. हे औषध आपल्याकडे ‘एक्स’ अनुसूचीत मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि त्यांतली एक औषधविक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते. दोन्ही प्रती मी नेमाने लिहिल्या आणि आईला म्हणालो, ‘शाळेत सांगून ठेवा.’ तीन महिने ती दर वेळी सांगत होती, ‘रविवारी सकाळी छान असतो हो डॉक्टर, पण शाळेच्या तक्रारी काही थांबत नाहीत.’ मी मात्रा वाढवली. पुन्हा वाढवली.

चौथ्या महिन्यात आई बाहेर पैसे देत असताना मी मुलालाच विचारले, ‘वर्गात कुठल्या बाकावर बसतोस?’

‘बाहेर बसतो.’

‘बाहेर म्हणजे?’

‘दाराजवळ, डॉक्टरकाका. तिथून अर्धा फळा दिसतो.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला जे कळले ते असे : शाळा साडेसातची, म्हणून गोळी पावणेसातला. साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणजे अकराच्या सुमारास तो ओसरलेला असे. गणित आणि इंग्रजी व्याकरण हे दोन्ही तास मधल्या सुट्टीनंतर होते. त्याच तासांना तो अस्वस्थ होई आणि त्याच तासांना त्याची रवानगी दाराबाहेर होई. अर्धा फळा दिसणाऱ्या मुलाची मात्रा मी वाढवीत होतो. कायद्याने सांगितलेल्या दोन प्रती मी लिहिल्या होत्या; ज्या व्यक्तीसमोर ते मूल दिवसाचे सहा तास घालवते, तिच्यासाठी एकही नाही.

विकार जुना, नाव नवे

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली डॉ. जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरण्याची शक्ती वयाच्या मानाने उणी, असा त्यांचा आशय होता. पुढे नावे बदलत गेली. १९६८ मध्ये बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया, १९८० मध्ये अवधानदोष, आणि १९८७ पासून ए.डी.एच.डी. ही आद्याक्षरे रूढ झाली. मराठीत आपण ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ म्हणतो, तेही तसे जडच आहे.

निकष बहुतेकांना ठाऊक आहेत. लक्षणे किमान सहा महिने असावीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत (२०१३ पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती), आणि ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावीत. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शाळकरी मुलांतील प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसरे मूल, असा त्याचा अर्थ. त्या मुलांत मुलगी असेल तर ती बहुधा नजरेतून सुटते. ती बाकावरून उठत नाही, खिडकीबाहेर पाहत राहते, आणि तिच्या डायरीत लाल शाई न येता प्रगतिपुस्तकात नुसतेच ‘आळशी’ येते.

येथे दोन गोष्टींविषयी सावध करावेसे वाटते. पहिली वयाची. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे प्रवेशासाठी वर्षाची सीमा ३१ डिसेंबर असते. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान ठरतात, आणि जानेवारीत जन्मलेल्या वर्गबंधूंपेक्षा त्यांना हे निदान चिकटण्याची शक्यता मुलग्यांत ३० टक्के व मुलींत ७० टक्के अधिक आढळली. मूल लहान होते, एवढाच काहींचा दोष! आपल्याकडे ‘एक वर्ष वाचेल’ म्हणून पाचव्याच वर्षी पहिलीत घालण्याची हौस कमी नाही. तेव्हा प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी जन्मतारीख पाहावी.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाची खास. मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी, आणि शाळेत त्याला सूचना मिळते ती इंग्रजीत. ‘ओपन युवर बुक्स, पेज फॉर्टी-टू, क्वेश्चन थ्री’ हे एका दमात ऐकून न समजलेले मूल शेजारच्याच्या वहीत डोकावते, आणि बाईंच्या दृष्टीने ते लक्ष नसलेले मूल ठरते. मी आता तपासताना तीच सूचना मराठीत देऊन पाहतो. मराठीत तीन पायऱ्यांची सूचना नीट पाळणारे आणि इंग्रजीत गडबडणारे मूल असेल, तर आधी भाषेचा विचार करावा. याखेरीज झोपेत घोरणारे ॲडेनॉइड्सचे मूल, रक्तक्षयी मूल, आणि क्षणभर शून्यात जाणारे ॲब्सेन्स आकडीचे मूल हे तिघेही अवधानदोषाच्या वेशात येतात, हे या वाचकांना सांगणे नलगे.

गोड खाण्याने मुले चळतात, हा समज मात्र सोडून द्यावा. १९९५ साली अनेक नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात साखरेचा वागण्यावर परिणाम आढळला नाही. सकाळच्या पोह्यांसोबतची जिलेबी बंद करून या शहरात एका मुलाला निष्कारण दुःखी करू नये.

औषध आणि शिक्षक

अमेरिकेत १९९९ साली ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचा चौदा महिन्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो एम.टी.ए. या नावाने ओळखला जातो. मुलांचे चार गट होते : काळजीपूर्वक दिलेले औषध, वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि चौथा गट आपापल्या डॉक्टरांकडे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा. मूळ लक्षणांवर औषधाचा गट वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला, एवढेच बहुधा आपल्या लक्षात राहते. मला महत्त्वाचा वाटतो तो चौथा गट. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, तरीही ती मुले अभ्यासातल्या औषध-गटाच्या मागे राहिली. फरक कशात होता? अभ्यासातील मुलांना औषध दिवसातून तीनदा मिळे, मात्रा जुळवलेली असे, दरमहा अर्ध्या तासाची भेट होई आणि डॉक्टर दरमहा शिक्षकांशी बोलत असत. मात्रेचा वाटा किती आणि त्या बोलण्याचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पण शिक्षकांना न विचारता मात्रा जुळवता येते असे मानण्याला तेथे आधार नाही. दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत चारही गटांतील अंतर मिटलेले दिसले. चौदा महिने काळजी घेऊन पुढे सोडून द्यावा, असा हा विकार नव्हे.

सहा वर्षांखालील मुलांत तर आधी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण आणि मगच औषधाचा विचार, हा क्रम अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

वर्गात काय करता येते

शिक्षकांना भेटायला गेल्यावर पहिले उत्तर मिळते, ‘डॉक्टरसाहेब, माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले आहेत.’ हे उत्तर खरे आहे आणि ते मान्य करूनच पुढे बोलावे. एका मुलासाठी बाईंचा वेगळा अर्धा तास मागणे व्यर्थ. जे पंचेचाळीस मुलांना शिकवता शिकवता करता येईल, तेवढेच मागावे.

सर्वांत स्वस्त उपाय जागेचा. पहिल्या-दुसऱ्या बाकावर, दार व खिडकीपासून दूर, शांत मुलाच्या शेजारी. एकटे बसवू नये. एकटे बसवलेल्या मुलाला पानाचा क्रमांक चुकला तर पाहायला शेजारची वहीच नसते. सूचना एका वेळी एक, आणि ती फळ्यावरही लिहिलेली असावी. सूचना दिल्यावर ‘समजले ना?’ असे विचारल्यास प्रत्येक मूल होच म्हणते. त्याऐवजी ‘काय करायचे आहे, सांग बरे’ म्हणावे.

गणिताच्या दहा उदाहरणांचे पान अशा मुलापुढे डोंगरासारखे उभे राहते. पान मधोमध दुमडून पाच उदाहरणे द्यावीत, ती झाली की वही बाईंच्या टेबलापर्यंत आणून दाखवायला सांगावे. यात दोन कामे साधतात : तुकडा लहान होतो आणि मुलाला उठण्याची राजरोस परवानगी मिळते. हालचालीविषयी आपल्या शिक्षणपद्धतीत एक अढी आहे, की स्थिर शरीर म्हणजेच एकाग्र मन. २०१५ साली फ्लॉरिडातील संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना ऐकलेली अक्षरे व अंक मनात जुळवून सांगण्याचे काम दिले. अवधानदोष असलेली मुले जेव्हा अधिक हालत होती तेव्हा त्यांचे काम अधिक चांगले झाले. इतर मुलांत उलट दिसले. पाय हलवीत लिहिणाऱ्या मुलाचे लिहिणे चालू असेल तर पायांकडे दुर्लक्ष करावे. फळा पुसणे, वह्या वाटणे, हजेरीपट कार्यालयात पोचवणे ही कामे अशाच मुलाला द्यावीत. त्याची मधली सुट्टी मात्र शिक्षा म्हणून कधीही कापू नये. दिवसभरात त्याला हक्काने धावायला मिळते ते त्या वीस मिनिटांत.

उत्तर माहीत असले की हे मूल ओरडून सांगते. थांबले तर ते विसरून जाईल ही त्याची भीती पुष्कळदा खरी असते. उत्तर आधी वहीच्या कोपऱ्यात लिहायचे आणि मग हात वर करायचा, एवढ्या सवयीने काही मुलांत फरक पडतो. चूक दिसल्यास जवळ जाऊन हळू आवाजात चार शब्दांत सांगावे. वर्गासमोर केलेली लांब कानउघाडणी त्याला पुरती ऐकूही येत नाही. उरलेल्या चव्वेचाळीस मुलांना मात्र ती ऐकू येते आणि डबा खाताना त्याच्याशेजारी कोण बसणार हे ठरून जाते. मित्र तुटणे हे या विकाराचे मला सर्वांत क्लेशकारक वाटणारे लक्षण आहे आणि कोणत्याही प्रश्नावलीत ते नीट मोजले जात नाही.

घर आणि शाळा यांना जोडणारे एक साधन परिणामकारक ठरलेले आहे, ते म्हणजे रोजची नोंद. डायरीच्या पानावर तीनच गोष्टी लिहाव्यात, त्याही होकारार्थी : ‘गणिताचे काम पुरे केले’, ‘हात वर करून बोललो’, ‘गृहपाठ उतरवून घेतला’. बाईंनी नुसती खूण करावी. दहा सेकंदांचे काम. बक्षीस घरी आणि त्याच संध्याकाळी मिळावे : आजोबांबरोबर बुद्धिबळाचा एक डाव, झोपताना एक जास्तीची गोष्ट. ‘सहामाहीत चांगले गुण मिळव, सायकल घेऊ’ हे आश्वासन या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचत नाही. सुरुवातीला पाचापैकी चार दिवस साध्य होईल इतके सोपे ध्येय ठेवावे. वडील मंडळींना हे लाचेसारखे वाटते. आपल्याला पगार महिन्याच्या शेवटी मिळतो आणि त्याला रोज लागतो, एवढाच फरक आहे, असे मी त्यांना सांगतो.

परीक्षेत वाढीव वेळ देण्यावर पालकांचा फार भर असतो. माझा अनुभव असा, की वेळ पुरतो पण पान उलटायचे राहते. शेवटी एकदा ‘मागची बाजू पाहिलीस का?’ असे पर्यवेक्षकांनी विचारले तर पुष्कळ गुण वाचतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन-अक्षमता आहे, पण अवधानदोषाला स्वतंत्र स्थान नाही. म्हणून लेखन-वाचनातही अडचण दिसत असेल तर त्याची तपासणी वेळीच, दहावीची वाट न पाहता, करून घ्यावी. आणि शिक्षेचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. रोज दाराबाहेर बसवणे त्यात मोडते, असे माझे मत आहे. तथापि शाळेशी पहिला पत्रव्यवहार कलमांनी सुरू करू नये.

पत्र कसे असावे

आता मी प्रत्येक मुलासाठी तिसरी प्रत लिहितो. भाषा हिंदी किंवा इंग्रजी, कारण ती वाचणाऱ्या बाई बहुधा मराठी नसतात. मजकूर साधारण असा :

‘सादर नमस्कार. आपला विद्यार्थी माझ्या देखरेखीखाली आहे. त्याची समज वयाला साजेशी आहे. दीर्घ काळ लक्ष टिकवणे आणि स्वतःला थांबवणे त्याला अवघड जाते. तो हे मुद्दाम करीत नाही. पुढील सहा आठवडे तीन गोष्टी करता आल्यास उपयोग होईल : पुढच्या बाकावर शांत मुलाशेजारी जागा, लेखी काम दोन भागांत, आणि शाळा सुटताना डायरीत गृहपाठ उतरला आहे का यावर एक नजर. मधल्या सुट्टीपूर्वीचे आणि नंतरचे वागणे वेगळे दिसते का, हे डायरीत एका ओळीत कळवावे, म्हणजे मला उपचार ठरवता येतील. आपल्या सोयीच्या वेळी फोनवर बोलायला मला आनंद होईल.’

तीनहून अधिक गोष्टी लिहू नयेत. मी आरंभी अकरा लिहिल्या होत्या. त्यांतली एकही झाली नाही.

निदानाचे नाव पत्रात घालावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे. येथे सारे एकमेकांना ओळखतात. शाळेतल्या बाई मंडळाच्या गणेशोत्सवात आईच्या शेजारी बसलेल्या असतात, आणि त्यांची नणंद माझी रुग्ण असते. नाव बाहेर पडले की ते मुलाच्या आधी लग्नाच्या मांडवात पोचते. म्हणून पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय मी नाव लिहीत नाही, गरज लिहितो. पत्र उघड्या पाकिटात पालकांच्याच हाती देतो आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवतो. काही पालक ते शाळेत देतच नाहीत. त्यांच्यावर रागावू नये. पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे.

त्या चौथीतल्या मुलाच्या बाईंनी पत्राला आठवड्यानंतर उत्तर दिले. डायरीत एकच ओळ होती : ‘लंच के बाद ज़्यादा परेशान रहता है, और टिफिन पूरा वापस जाता है।’ माझ्या तीन महिन्यांच्या मात्रावाढीपेक्षा ही ओळ अधिक कामाची ठरली. मात्रा उतरवून अधिक काळ टिकणारी गोळी सुरू केली. डबा परत येत होता तो औषधाने भूक मरत असल्यामुळे. तेव्हा गोळी न्याहारीनंतर देणे, रात्रीचे जेवण भरपूर ठेवणे आणि दर तीन महिन्यांनी उंची, वजन, नाडी व रक्तदाब लिहून ठेवणे सुरू केले. वजनात दीड किलोची घट झाली होती. ती मी आधीच पाहायला हवी होती. बाईंनी त्याला दुसऱ्या बाकावर घेतले. मीही एकदा शाळेत जाऊन आलो. त्यांनी त्याला बाहेर बसवले होते ते दुष्टाव्याने नव्हे. आत बसवून त्याला दिवसभर बोलणी खावी लागत, त्यापेक्षा बाहेर बरा, असे त्यांना वाटले होते. दुसरे काय करावे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पाचवीचे वर्ष बरे गेले. सहावीत वर्गशिक्षिका एक आणि विषयशिक्षक सात, अशी व्यवस्था असते आणि अनेक मुले तिथेच घसरतात. कारण चौथीच्या बाईंना जे कळलेले असते ते त्यांच्यापाशीच राहते. एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले तेव्हा आई पुन्हा पत्र मागायला आली. मी सात प्रती काढून दिल्या. चार दिवसांनी मुलगा एकटाच दवाखान्यात आला. संगणकाच्या सरांची प्रत राहिली होती, ती त्याला हवी होती.